टाकीच्या तोंडाशी

मास्तरांना लोखंड दिसले की ते त्यावर नख चालवत. एसटीच्या खिडकीचा दांडा असो, मंगल कार्यालयाचे फाटक असो की सरकारी दवाखान्यातला पलंग. एकदा एका सहकाऱ्याच्या अंत्यविधीला सारे जण स्मशानातल्या पत्र्याच्या शेडखाली उभे होते. चिता पेटली होती. मास्तर शेडच्या खांबापाशी गेले, अंगठ्याच्या नखाने हिरव्या रंगाचा एक पापुद्रा उचलला आणि शेजारी उभ्या असलेल्या माणसाला दाखवत हळूच म्हणाले, "प्रायमरच नाई मारला. गंजावरच फासला." तो माणूस मृताचा मोठा भाऊ होता. त्याने पापुद्र्याकडे पाहिले, मास्तरांकडे पाहिले आणि मान डोलावली. दुसरे काही करणे त्याला सुचले नसावे.

चंद्रपूरच्या औद्योगिक वसाहतीत एका बंद गोदामात रंगकामाचे प्रशिक्षण केंद्र होते. मास्तर तिथे शिकवत. घरांच्या भिंती तिथे कोणी रंगवत नसे. पूल, चिमण्या, पाइप आणि टाक्या यांना गंजापासून वाचवणारे थर कसे चढवायचे, हा तिथला विषय होता. मी त्या केंद्रातून एक अभ्यासक्रम पूर्ण केला. पुढे वर्तमानपत्रात नोकरी लागली आणि रंगकाम सुटले. मास्तरांशी ओळख मात्र राहिली.

ते उंच होते, खांद्यात वाकलेले. भुवया असून नसल्यासारख्या होत्या. बोटांची टोके थिनरने पांढरी आणि सुरकुतलेली झाली होती. आयुष्यभर वाफा ओढल्यामुळे त्यांना वास येत नसे. केंद्राबाहेरच्या टपरीवर चहा घेण्याआधी ते टपरीवालीला दर वेळी विचारत, "बाई, दुधाचा वास घेऊन पाहा बरं. फाटलं त नाई?"

"तुमाले काय फरक पडते मास्तर? तुमी त नाक गहाण टाकलं."

"म्हणूनच विचारून राह्यलो. मले फिनाइल देलं तरी मी पिऊन घेईन."

त्यांच्या स्वतःच्या घराला रंग नव्हता. सिमेंटचा गिलावा तसाच उघडा होता, आतून आणि बाहेरून. कोणी विचारले तर म्हणत, "भिंत गंजत नाई. मंग तिले कपडे कशाले?" दिवाळीच्या आधी शेजाऱ्यांकडे चुन्याच्या बादल्या निघत, तेव्हा ते दारात बसून शेजाऱ्यांचे ब्रश पाहत आणि कोणता ब्रश केस सोडणार आहे ते सांगत. शेजारी त्यांना दुसरीकडे तोंड करून बसायला सांगत.

अभ्यासक्रमाच्या सुरुवातीला आमच्या हाती रंग आला नाही. फक्त गंज घासणे होते. तारेचा ब्रश, खरवडणी, मग वाळूचा मारा. पत्रा राखाडी आणि एकसारखा खरखरीत होईपर्यंत पुढे जायचे नाही. थंडीच्या दिवसांत सकाळी मास्तर अंगणातल्या पत्र्यावर गाल टेकवत. गाल ओला झाला की म्हणत, "लोखंडाले घाम आला. आज सुट्टी." दमट लोखंडावर चढवलेला थर काही महिन्यांत फुगून सुटतो, एवढेच त्यामागचे कारण होते. पण गाल टेकवून डोळे मिटलेले मास्तर पाहिले की नवे प्रशिक्षणार्थी एकमेकांना कोपराने ढोसत. एकदा एक ठेकेदार त्यांना आपल्या कामावर सल्ल्यासाठी घेऊन गेला आणि घाईला आला. उद्या काम दाखवायचे आहे, असे म्हणू लागला. मास्तर म्हणाले, "मंग उद्या या. लोखंड उद्या कोरडं राहीन." ठेकेदाराने त्यांना पुन्हा बोलावले नाही.

त्यांचा सर्वांत विचित्र वाटणारा नियम हसण्याचा होता. फवारणीच्या खोलीत कोणी हसला की मास्तर त्याला बाहेर काढत. मग तो विनोदाने हसलेला असो वा दुसऱ्याला पाहून.

"हासला? बाहेर."

"मास्तर, यानं गोष्टच तशी सांगतली."

"बाहेर होऊन हास. थिनर डोक्यात गेलं की पह्यले हासू येते. दारूसारखं. मंग पाय जाते. मंग माणूस जाते. तुह्या हासण्यात कोणतं हासू आहे, ते मले बाहेरून समजत नाई. म्हणून हासाचंच नाई."

आमच्या तुकडीतल्या विलासला हा नियम सर्वांत जड गेला. तो आरमोरीकडच्या एका गावचा होता. गावातली बरीच घरे तलावातल्या मासेमारीवर जगत. विलास सकाळी डोळे उघडल्यापासून हसत असे. त्याच्याबरोबर त्याचा भाऊजी आला होता, रुपेश. विलासची बहीण मंदा रुपेशला दिलेली, दोघेही एकाच गावचे. गावच्या जुन्या मालगुजारी तलावात गाळ भरला होता, वर बेशरमाची झुडपे माजली होती आणि मासळी उरली नव्हती. गडचांदूरकडच्या एका कारखान्यात टाक्यांच्या आतून थर चढवण्याचे काम निघणार होते. ठेकेदाराने दोघांनाही घेतो म्हटले होते. अट एकच, केंद्राचे कार्ड पाहिजे. मंदाने भावाला नवऱ्याच्या सोबत पाठवले होते की नवऱ्याला भावाच्या, हे दोघे वेगवेगळे सांगत.

कार्ड मिळण्यासाठी तीन परीक्षा होत्या. पहिली घासण्याची, दुसरी फवारणीची. तिसरीला प्रशिक्षणार्थी 'उभं राहाची परीक्षा' म्हणत. ती अभ्यासक्रमाच्या कागदावर नव्हती. मास्तरांनी ती स्वतः लावली होती.

मागच्या अंगणात टँकरवरून उतरवलेली एक जुनी टाकी आडवी पडली होती. वरच्या बाजूला माणूस जेमतेम उतरेल एवढे गोल तोंड. एक जण मास्क लावून आत उतरे. त्याच्या कमरेला दोरी बांधलेली असे. दुसरा तोंडाशी उभा राही. दोरी त्याच्या हातात, शिट्टी गळ्यात. त्याने सतत विचारायचे, "आहे का?" आतल्याने म्हणायचे, "आहे." आतल्याला मास्तरांनी आधीच सांगून ठेवलेले असे की थोड्या वेळाने बोलणे बंद कर. दोरीही आत एका हुकात अडकवलेली असे. म्हणजे बाहेरच्याने ओढली तरी ती येत नसे. मग बाहेरच्याने शिट्टी वाजवायची, ओरडायचे आणि उभे राहायचे. पाठीवर हवेचा सिलिंडर घेतलेला माणूस येईपर्यंत टाकीत डोकेसुद्धा घालायचे नाही. सिलिंडर घेऊन मास्तर येत. ते मुद्दाम उशिरा येत.

विलास पहिल्याच वेळी पास झाला. रुपेशच्या वेळी आतला आवाज थांबला, त्याने दोरी ओढून पाहिली, शिट्टी एकदाच वाजवली, छातीत दम भरला आणि टाकीच्या तोंडातून आत गेला. पाहता पाहता आतल्या माणसाला काखेत धरून त्याने वर लोटले. बाकीच्यांनी टाळ्या वाजवल्या. मास्तर सिलिंडर अर्धा चढवून येत होते. तो त्यांनी तिथेच खाली ठेवला.

"नापास."

"काऊन मास्तर? माणूस त काढला ना वर!"

"तू मेला. आतलाबी मेला. आता तुले काढाले तिसरा जाईन."

"मी दम धरला होता. तलावात जाळं अटकते तवा मी खाली जाऊन सोडवून येतो. लई वेळ राह्यतो मी खाली."

"पाण्यात हात सोडले त काय होते?"

"वर येतो."

"पाणी ढकलते तुले वर. इथी कोण ढकलन? अन माणूस उचलाले जोर लागते. जोर लावला की दम सुटते. मंग एक श्वास घेतला की संपलं."

रुपेश टाकीवरून खाली उतरला. मग म्हणाला, "मास्तर, आमच्या गावात कोणी बुडून राह्यला त काठावर कोणी उभं राहत नाई. ज्याले पोहता येते त्यानं जाचंच. नाई गेला त त्याच्या घरात लोकं पोरगी देत नाई."

"तुले देली ना पोरगी? मंग उभा राहा."

दुसऱ्यांदाही तो आत गेला. या वेळी जरा थांबून गेला, इतकेच. विलास मास्तरांच्या मागे लागला. "पास करून टाका ना भाऊजीले. एकटा गेलो त बहीण मले घरात घेणार नाई." मास्तर म्हणाले, "अन दोघं जाऊन एकटाच वापस आला त?" विलास हसला. मास्तर हसले नाहीत.

तिसऱ्या वेळी मास्तरांनी टाकीत विलासलाच उतरवले. थोड्या वेळाने "आहे"चे उत्तर यायचे थांबले. रुपेशने दोरी ओढली. ती आली नाही. तो शिट्टी वाजवत राहिला. मास्तर टपरीवर चहा पीत होते. आम्हाला ते दिसत होते, त्यालाही दिसत होते. शिट्टीत थुंकी भरून तिचा आवाज बसला. मग तो वाकून ओरडू लागला, "विलास, बोल ना बे. बोल." आतून काही आले नाही. त्याने दोन्ही हातांनी टाकीच्या तोंडाचा काठ धरला, मान फिरवून गोदामाच्या भिंतीकडे केली आणि तसाच राहिला. मास्तरांनी कप धुवून ठेवला, सिलिंडर चढवला, पट्टे आवळले आणि आले. विलासने टाकीच्या तोंडातून डोके वर काढले. "वा भाऊजी! मी मेलो अन तुमी खरंच नाई आले!" सगळे हसले. रुपेश टाकीवरून उतरून गोदामाच्या मागे गेला. तो ओकत होता, ते आम्हाला ऐकू आले.

मास्तर म्हणाले, "पास."

त्या दिवशी बऱ्याच जणांनी मास्तरांना शिव्या दिल्या, अर्थात पाठीमागे. काळजाच्या जागी पत्रा आहे, असे एक जण म्हणाला. हा नियम का, असे कोणी विचारले की ते फक्त "पाळा" म्हणत.

दोघे कामावर लागले. त्याच उन्हाळ्यात कामावर अपघात झाला. मी तोवर बातमीदार झालो होतो. पुढचा तपशील तिथे हजर असलेल्या माणसांनी सांगितलेला आहे.

विलास टाकीत होता, रुपेश तोंडाशी. उन्हाने टाकीचा पत्रा हात लावता येणार नाही इतका तापला होता. घामाने मास्क सरकतो म्हणून विलासने तो सैल केला असावा. नंतर तो त्याच्या गळ्यात लोंबकळताना सापडला. रुपेश विचारत होता, "आहे का?" विलास म्हणत होता, "आहे." मग एकदा म्हणाला, "आहे ना भाऊजी, कुठी जाईन?" आणि हसला. दुसरा कोणी हसला असता तर रुपेशने त्याच क्षणी दोरी ओढली असती. विलास नेहमीच हसत असे. रुपेशने पुन्हा विचारले. पुन्हा हसणे आले, शब्द आला नाही. तेव्हा त्याने दोरी ओढली. ती आतल्या शिडीत अडकली होती.

त्याने शिट्टी वाजवली. हवेचा सिलिंडर स्टोअरमध्ये होता, स्टोअरला कुलूप होते आणि किल्ली ज्याच्याकडे होती तो जेवायला गेला होता. शिट्टी ऐकून दोन कामगार धावत आले. त्यांतला एक त्यांच्याच गावचा होता. दोघेही आत उतरायला निघाले. रुपेश टाकीच्या तोंडावर आडवा झाला. त्यांनी त्याला शर्टाला धरून ओढले, लाथा घातल्या. "हट ना बे! तुहाच साळा आहे थो!" त्याने काठ सोडला नाही. सिलिंडर आला, माणूस आत गेला, विलासला वर काढले. तोपर्यंत उशीर झाला होता.

बातमी एका कॉलमात गेली. तीत रुपेशचे नाव नव्हते.

काही दिवसांनी मास्तर वर्तमानपत्राच्या कार्यालयात आले. ते तिथे कधी आले नव्हते. खुर्चीवर बसले नाहीत. "तुयी गाडी आहे ना? चाल, त्यायच्या गावाले जाऊ." मूल गाव आणि गडचिरोली मागे पडून आरमोरी येईपर्यंत ते माझ्यामागे मोटारसायकलवर बसून होते. वाटेत चहालाही उतरले नाहीत.

रुपेशच्या अंगणात मोहफुले वाळत घातली होती. शेजारचा एक म्हातारा ओट्यावर बसला होता. रुपेश दूर, गुरांच्या गोठ्याच्या कुडाला टेकून होता. त्याचा ओठ अजून सुजलेला होता. आम्हाला पाहून तो उठला आणि पुन्हा खाली बसला.

"हेच का ते मास्तर?" म्हाताऱ्याने मला विचारले. "काठावर उभं राहाची शाळा चालवते म्हणे."

"हाव. मीच," मास्तर म्हणाले.

"बाकीचे जात होते त त्यायलेबी जाऊ नाई देलं यानं. टाकीचं तोंडच बुजवून टाकलं. आमच्या तलावात आजवर असं कोणी केलं नाई."

रुपेश कोणाकडेही न पाहता म्हणाला, "थो हासून राह्यला होता मास्तर. थो त नेहमीच हासे." वाटेत भेटलेल्यांनी आम्हाला सांगितले होते की मंदा त्याच्याशी एक शब्द बोललेली नाही. ताट वाढून ठेवते आणि निघून जाते. तिच्या माहेरचे लोक तिला घेऊन जायला आले होते. ती गेली नाही, पण राहते असेही म्हणाली नाही.

मंदा दारात आली. तिने मास्तरांना बसा म्हटले नाही.

"तुमीच शिकवलं का त्यायले?"

"हाव बाई."

"काय शिकवलं?"

"आतमधी कोणी पडला त मागं जाचं नाई. दोरीनं ओढाचं."

"अन दोरी अटकली त?"

मास्तर अंगठ्याच्या नखाने बोटाचे टोक खरवडू लागले.

"सांगा ना. अटकली त?"

"त मरते."

"तुमच्या घरचा कोणी असता आत, मंग शिकवलं असतं का असं?"

मास्तर ओट्याच्या पायरीवर बसले. पांढरी बोटे गुडघ्यांवर ठेवली. मग ते बोलले ते आम्ही केंद्रात कधी ऐकले नव्हते.

"माहा लहाना भाऊ होता, बाई. मी तोंडाशी होतो. थो पडला. मी ओरडलो. दोन सोबती आले अन मले बाजूले सारून आत गेले, एकामागं एक. तिघंही गेले. पह्यला थिनरनं मेला. बाकीचे दोघं मायेनं मेले. मी गेलो नाई. लोकं म्हणते मास्तरनं नियम पाळला. तवा नियम नव्हता. मी भेलो होतो. नियम मी मंग बनवला."

म्हातारा काहीतरी म्हणणार होता. मास्तरांनी त्याच्याकडे पाहिले नाही.

"तुमचा नवरा भेला नाई. त्यानं आपल्या लोकायच्या लाथा खाल्ल्या अन काठ सोडला नाई. थे दोघं आज घरी जेवून राह्यले. त्यायच्या घरी जाऊन पाहा. मले हे जमलं नव्हतं."

मंदाने दाराची चौकट धरली. मग तिने विचारले, "तुमची माय काय म्हणाली तुमाले?"

"काईच नाई."

"काईच नाई म्हणजे?"

"भात रांधे, वाढून देये. माह्यासंग बोलली नाई."

"कवापर्यंत?"

"मरेपर्यंत, बाई."

मंदा आत गेली. आतून भांड्यांचा आवाज येत राहिला. म्हाताऱ्याने खांद्यावरचा दुपट्टा झटकला. थोड्या वेळाने मंदाने दोन ताटे आणून मास्तरांपुढे आणि माझ्यापुढे ठेवली. भात आणि पातळ वरण होते. तिसरे ताट तिने ओट्याच्या टोकाला ठेवले आणि वाळत्या मोहफुलांकडे पाहत म्हणाली, "भात थंडा होऊन राह्यला."

कोणीच हलले नाही.

"ऐकू नाई येत का?" ती म्हणाली. तिचा आवाज चढला होता आणि फाटला होता. "तुमालेच म्हणून राह्यली मी."

म्हातारा उठला आणि अंगणातून चालता झाला. रुपेश कुडाला धरून उभा राहिला. रांजणापाशी जाऊन त्याने हात धुतले, मग चेहरा धुतला, मग पुन्हा हात. मास्तर भात कालवत राहिले. तो ताटावर येऊन बसेपर्यंत त्यांनी घास उचलला नाही.